डोक्यावरची पिसं

पिंजऱ्यातला पोपट स्वतःची पिसं उपटायला लागला की लोक पोपटालाच नावं ठेवतात. वेडा झाला, किडका निघाला, दृष्ट लागली, जातच वाईट. आपलं काही चुकलं असेल हे पाळणाऱ्याच्या मनालाही शिवत नाही. माझ्याकडे अजून कुणी ना कुणी पिंजरा घेऊन येतं आणि औषध मागतं, आणि सगळा जन्म शाळेत शिकवण्यात गेला असूनही माझा आवाज चढतो. म्हातारी भांडकुदळ आहे असं जाताना म्हणत असतील. म्हणोत बापडे. माझा हा राग फार जुना आहे आणि तो अजून शिळा झालेला नाही.

तो सुरू झाला लोणावळ्यात, एकोणीसशे तीस सालानंतरच्या तीन-चार वर्षांत, मुंबईच्या एका वकिलांच्या बंगल्यावर. बंगला त्यांचा, आणि आम्ही त्याच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या दोन खोल्यांत. आबा, म्हणजे माझे वडील, तिथले माळी आणि रखवालदार. आमचं गाव खाली मावळात, पण भावकीत वाटण्या होऊन आमच्या वाट्याला भाताचं एवढंसं खाचर आलं होतं, म्हणून आबा बंगल्यावर राहिले. वकीलसाहेब, त्यांच्या बाईसाहेब, मुलं आणि पाहुणे उन्हाळ्यात दीड-दोन महिने यायचे, दिवाळीला कधीमधी आठवडाभर. बाकी सगळं वर्ष त्या बंगल्यातल्या खुर्च्या पांढऱ्या चादरी पांघरून बसलेल्या असायच्या.

मी बारा वर्षांची असताना बाईसाहेबांनी मुंबईहून येताना पोपट आणला. साधा राघू नव्हे, पहाडी. मोठं डोकं, खांद्यावर तांबडा डाग, गळ्याला गुलाबी कंठ. पिलू होता तेव्हापासून त्यांनी त्याला हाताने भरवलं होतं. तो त्यांच्या खांद्यावर बसून चहाच्या बशीत चोच बुडवायचा, त्यांच्या अंबाड्यातली फुलं ओढायचा आणि फाटक वाजलं की त्यांच्याच आवाजात "कोण आलं?" म्हणायचा. पाहुणे हसून हसून बेजार व्हायचे. जूनच्या पहिल्या आठवड्यात सामान बांधताना बाईसाहेब म्हणाल्या की याला इथली हवा मानवली आहे, मुंबईच्या घामट हवेत कशाला न्यायचा, राहू दे इथेच. पिंजरा आबांच्या हातात दिला, रोज भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि एक हिरवी मिरची घालायची म्हणून सांगितलं आणि त्या मोटारीत बसल्या. मोटार वळणाआड गेली तरी तो मान वाकडी करून त्या दिशेला बघत होता.

लोणावळ्याच्या हवेचं कौतुक करणारे सगळे पाऊस लागायच्या आत आपापल्या घरी पोचलेले असतात. पुढचे चार महिने ती हवा आम्ही खात होतो. भिंतींना पाझर फुटायचा, पिठाला जाळी धरायची, ढग दारातून आत यायचे आणि अंथरुणं ओली करून जायचे. अशा दिवसांत मावळात जे जे जपायचं ते चुलीवर टांगायचं, ही आमची रीत. चुलीच्या वर बांबूच्या कामट्यांची ताटी लोंबत असते. तिच्यावर भाताचं बियाणं, सुकट, काड्याची पेटी, पोराचं ओलं घोंगडं, सगळं राहतं. धुराने काळं होतं, पण कुजत नाही. बाळ-बाळंतिणीलासुद्धा आम्ही शेक-धुरी देतो. तेव्हा आईने बंगल्याच्या ओल्या पोर्चमधून तो पिंजरा उचलून आणला आणि ताटीच्या शेजारी चुलीवर टांगला. त्यात तिची माया होती. मावळातल्या कुठल्याही बाईने हेच केलं असतं.

आषाढात पहिलं पीस वरून तरंगत आलं आणि आई भाकरी थापत होती त्या परातीत पडलं. तिने ते काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी चार पडली. मग मी लक्ष ठेवायला लागले. तो छातीचं एक पीस चोचीत धरायचा, मुळापासून हिसडून काढायचा, जरा वेळ चघळायचा आणि खाली टाकायचा. मग पुढचं. घाई नाही, गडबड नाही. आमच्या शेजारची म्हातारी तांदळातले खडे निवडायची तसं त्याचं चाललेलं असायचं. कोवळं पीस निघालं की रक्ताचा थेंब यायचा, तो एकदा ओरडायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. नागपंचमीपर्यंत छाती उघडी पडली, गणपतीपर्यंत पोट आणि मांड्या. करडी, पुरळ उठल्यासारखी कातडी दिसायला लागली. त्या कातडीखाली त्याचं काळीज उडताना दिसायचं आणि मला तिकडे बघवायचं नाही.

मग इलाज सुरू झाले. रोग रेड्याला आणि इलाज पखालीला, यापलीकडे मी त्यांना काही म्हणणार नाही. कुणी म्हणालं उवा झाल्या, म्हणून तंबाखूच्या पाण्याने पुसला. कुणी म्हणालं खरूज आहे, म्हणून कडुनिंबाचा पाला वाटून चोपडला. रेल्वेतल्या एका ओळखीच्याने बोळा रॉकेलमध्ये बुडवून फिरवायला सांगितला. ते आबांनी केलं, आणि त्या दिवशी तो पाखरू आहे की माणूस असा मला प्रश्न पडला, इतका तो रडला. एका दवाखान्यातल्या कंपाउंडरने पांढरा मलम दिला. तो त्याने चाटला आणि दोन दिवस हगवण लागली. शेवटी आबांनी दुध्या भोपळ्याची वाळकी कवटी कापून त्याच्या गळ्यात अडकवली, चोच अंगापर्यंत पोचू नये म्हणून. पिसं उपटणं थांबलं. खाणंही थांबलं. तिसऱ्या दिवशी आईने ती कवटी फोडून चुलीत घातली. आम्ही सगळे त्याला बरं करत होतो, आणि आमच्यातलं कुणी त्याच्यापाशी पाच मिनिटं नुसतं बसलं नव्हतं. मीही नाही. हे लिहिताना मला माझाही राग येतो.

पुढच्या उन्हाळ्यात मोटार आली. बाईसाहेब उतरल्या त्या थेट पिंजऱ्याकडे गेल्या आणि दोन पावलं मागे सरल्या. मग त्या रडल्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण त्या बाई दगड नव्हत्या. पण रडून झाल्यावर त्यांनी आबांना हाक मारली आणि पोर्चमध्ये चहा घेत बसलेल्या सगळ्या पाहुण्यांसमोर त्यांना उभं केलं. तुम्ही डाळ घरी खाल्लीत आणि माझ्या पोपटाला उपाशी मारलंत, असं त्या म्हणाल्या. आबा खाली बघत उभे होते. पाहुण्यांतल्या एकाने विझलेली सिगारेट कुंडीत खोचली, आणि ती काढायची कुणी हे आबांनाच माहीत होतं. शेवटी बाईसाहेबांनी बजावलं की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पोपट होता तसा झाला पाहिजे, नाहीतर दुसरा माळी बघू.

म्हणजे आमची चूल, आमचं छप्पर, माझी शाळा, सगळं त्या पाखराच्या अंगावर पिसं येतात की नाही यावर टांगलं गेलं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आपण दहा महिने तोंड दाखवायचं नाही आणि मग येऊन हिशेब मागायचा, हा कुठला न्याय? मी आबांना म्हटलं, तुम्ही बोलला का नाही? ते म्हणाले, काय बोलू, पिसं गेली ही खोटी गोष्ट हाय का. आबांचं असं होतं. समोरच्याच्या बोलण्यात शेंगदाण्याएवढं खरं सापडलं की ते सगळं पोतं डोक्यावर घ्यायचे.

मे महिनाभर तो पुन्हा बाईसाहेबांच्या खांद्यावर होता आणि त्याने एकही पीस उपटलं नाही. हे सगळ्यांना दिसत होतं. बाईसाहेबांनी त्याचा अर्थ असा लावला की बघा, माझ्या हातचं खायला मिळालं की कसा सुधारला. छातीवर पांढरी लव दिसायला लागली होती. जूनमध्ये त्या गेल्या आणि चौथ्या दिवशी ती लव पिंजऱ्याच्या तळाशी पडली होती.

या खेपेला मी पिंजरा उचलला आणि स्टेशनाजवळच्या टांगेवाल्या चाचांकडे गेले. चाचा आमच्या गावाकडचेच, बोलणं आमच्यासारखंच. सीझनला बंगल्याचे पाहुणे स्टेशनावरून आणायचे आणि हौसेने कबुतरं पाळायचे. पावसात त्यांना गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी पिंजरा घोड्याच्या तबेल्यात खाली ठेवला, पोत्यावर बसले, विडी पेटवली नाही आणि बराच वेळ नुसतं बघत राहिले. त्याला हात लावला नाही. मी तंबाखूचं पाणी, पाला, रॉकेल, मलम, सगळं सांगितलं. त्यांनी मला गप्प केलं.

"त्याचं डोकं बघ," चाचा म्हणाले. "येक पीस गेलंय का डोक्यावरचं? किडं असतं तर त्यांनी डोकं सोडलं असतं व्हय? जितं त्याची चोच पोचत न्हाई, तितलं येकबी पीस गेलं न्हाई. ह्यो रोग न्हाई, पोरी. ह्यो त्याचा उद्योग हाय. दुसरा कुटला उद्योग दिलाय तुमी त्याला?"

वर्षभर मी त्या पाखराकडे बघत होते आणि त्याचं हिरवंगार, अखंड डोकं मला दिसलं नव्हतं. मला रडू आलं, ते रागाचं होतं. चाचांनी मग एकेक विचारलं. खातो काय, न्हातो का, बसतो कुठे, त्याच्याशी बोलतं कोण. चुलीवर टांगतो म्हटल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. धुराने पाखराची कातडी वाळते, खाजते, आणि छातीत धूर भरतो तो वेगळाच, असं ते म्हणाले. रानातला पोपट पावसात फांदीवर उलटा लटकून न्हातो, याला वर्ष झालं थेंब मिळालेला नाही. रानात तो सगळा दिवस टोकरण्यात, फोडण्यात, सोलण्यात घालवतो, दहा जणांच्या थव्यात ओरडतो. इथे डाळीची वाटी तयार असते. खाऊन झालं की दिवस पुढे पडलेला, आणि टोकरायला स्वतःच्या अंगाशिवाय काही नाही.

घरी येऊन मी आईला धुराचं सांगितलं. भाकरी उलटताना ती म्हणाली, "मी काय मारायला टांगला व्हता त्याला?" आणि दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिचंही चुकलं नव्हतं. तिने त्याला आपल्यातलाच एक धरला आणि आपल्याला जे लागतं ते त्याला दिलं. तिसऱ्या दिवशी तिने स्वतः पिंजरा खाली काढला, राखेने घासला आणि मागच्या पडवीत, वाऱ्याच्या आडोशाला, खिळा ठोकून टांगला.

त्या पावसाळ्यात मी काय काय केलं ते सांगते, कारण औषध विचारणाऱ्यांना मी हेच सांगते आणि त्यांना ते आवडत नाही. मिरची बंद केली. डाळ कमी केली. पेरू, उंबर, पालेभाजीचे देठ, पुढे कोवळी कणसं. कणीस सोलून द्यायचं नाही, त्याच्या पाल्यासकट द्यायचं. शेंगदाणा द्यायचा तो पळसाच्या पानात गुंडाळून, वर काथ्याची गाठ मारून, म्हणजे सोडवायला अर्धा तास जातो. पेरूच्या, कडुनिंबाच्या ओल्या डहाळ्या आत खोचायच्या, त्या तो संध्याकाळपर्यंत भुगा करून ठेवायचा. पाऊस भुरभुरत असला आणि वारा नसला की पिंजरा उघड्यावर ठेवायचा. पहिल्यांदा तो घाबरून कोपऱ्यात बसला. मग त्याने एक पंख हळूच पसरला, मग दुसरा, आणि मग उलटा लटकून असा काही ओरडला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. ओल्या अंगाने चुलीपाशी नेलं नाही, कोरड्या पोत्याच्या आडोशाला ठेवलं.

आणि मी त्याच्यापाशी बसले. हेच खरं अवघड होतं. सकाळी शाळेआधी, दुपारी आल्यावर, दिवेलागणीपर्यंत. भूगोल त्याच्यापुढे पाठ केला, बेरजा-वजाबाक्या मोठ्याने केल्या, भांडी त्याच्यापाशी घासली. उपटायला लागला की ओरडायचं नाही, हे चाचांनी बजावलं होतं, कारण ओरडलं की त्याला वाटतं चला, कुणीतरी बोललं. गुपचूप हातात डहाळी द्यायची. सोपं सांगितलं, पण महिना-दीड महिना काही होत नव्हतं. दोनदा मी रागाने पिंजऱ्यावर पोतं टाकून निघून गेले. दोन्ही वेळा परत आले तेव्हा मांडीला नवीन रक्त होतं.

दसऱ्याच्या सुमाराला छातीवर बारीक खुंट फुटले, प्रत्येक खुंट पांढऱ्या खपलीत गुंडाळलेला. तो त्यांना चोच लावायचा आणि माझा जीव वरखाली व्हायचा, पण तो उपटत नव्हता. खपली सोलत होता. आतून हिरवं निघत होतं. होळीला त्याच्या पोटावर चिमटीएवढी जागा सोडली तर सगळा पोपट जागेवर होता. तो आता "हितं ये" म्हणायचा, माझ्या आवाजात, आणि मी गेले नाही तर पुन्हा म्हणायचा.

एप्रिलमध्ये बाईसाहेब आल्या, टाळ्या वाजवून हसल्या आणि पाहुण्यांना म्हणाल्या, मी म्हटलं नव्हतं, याला इथली हवा मानवते. आबांना जुना कोट मिळाला. मला कुणी काही विचारलं नाही. पिंजरा पोर्चमध्ये गेला आणि पोर्चमध्ये जायची मला मुभा नव्हती. मी मागून "हितं ये" ऐकत राहायची, आणि पाहुणे त्याची गावठी बोली ऐकून फिदीफिदी हसायचे. पण आमचं छप्पर राहिलं होतं, म्हणून मी तोंड बंद ठेवलं. शिवाय माझ्या डोक्यात दुसरंच होतं. मी मराठी सातवीची परीक्षा पास झाले होते, आणि शाळेतल्या बाईंनी आबांच्या मागे लागून मला पुण्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला पाठवायचं ठरवलं होतं. आमच्या भावकीत मुलगी चौथीच्या पुढे गेलेली नव्हती. चुलते म्हणाले, पोरीला मेम करायची हाय का. आबा त्यांच्यापुढेही खाली बघत उभे राहिले, पण माझी पेटी त्यांनी बांधली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बाईसाहेब गेल्या आणि दुसऱ्या आठवड्यात मी. निघताना मी आबांना पानात दाणे कसे गुंडाळायचे ते करून दाखवलं, आईला पावसाचं सांगितलं. त्याला काय सांगायचं ते मला कळलं नाही. गाडी चुकेल म्हणून मी पळत सुटले.

वसतिगृहात मला आबांची पत्रं यायची, शाळेतल्या बाईंच्या अक्षरात. सर्व खुशाल आहे. भात बरा आहे. राघू मजेत आहे, खातो-पितो, तू अभ्यास कर. प्रत्येक पत्रात राघू मजेत. मी त्या पत्रांच्या भरवशावर शिकले, वर्गात दुसरी आले.

दिवाळीच्या सुट्टीत मी आले आणि पेटी हातात असतानाच पडवीत गेले. पिंजऱ्यात हिरवं डोकं होतं आणि त्याच्याखाली सोललेलं काहीतरी होतं. या खेपेला छाती नि पोटावर भागलं नव्हतं. पंखांची मोठी पिसंसुद्धा कुरतडून काढली होती, खांद्यावर जखम चिघळली होती. पळसाची पानं आत तशीच पडली होती, गाठी न सोडलेली. आबा रोज गुंडाळत होते, आणि तो हात लावत नव्हता.

मी आबांवर ओरडले. बापावर तोवर कधी ओरडले नव्हते. तुम्ही खोटं लिहिलंत, प्रत्येक पत्रात खोटं लिहिलंत, मला कळवलं असतं तर मी आले असते, असं सगळं मी अंगणात उभी राहून बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझी पेटी उचलून आत नेली.

दुसऱ्या दिवशी मोटार आली. श्रावणात गळती बघायला वकीलसाहेबांचा कारकून येऊन गेला होता, त्याने मुंबईला जाऊन सगळं सांगितलं होतं. म्हणून बाईसाहेब तयारीने आल्या होत्या. मोटारीतून नवा पिंजरा उतरला, पितळी, आणि त्यात नवा पहाडी पोपट. जुन्याकडे त्यांनी एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. आबांना म्हणाल्या, त्याला कुठेतरी रानात सोडून द्या, मला बघवत नाही. आणि याला नीट सांभाळा, याला इथली हवा मानवेल.

मी पोर्चमध्ये चढले. मी म्हटलं, त्याला पंख नाहीत, तो रानात पडेल आणि मुंगसं खातील. मी म्हटलं, तुम्ही गेलात की तो अंग सोलतो, दोन वर्षं मी बघते आहे, आता तुम्ही दुसरा आणलात. आवाज किती मोठा झाला ते मला माहीत नाही. मुलं खेळायची थांबली होती.

बाईसाहेब चिडल्या नाहीत. त्यांनी मला न्याहाळलं आणि शांतपणे विचारलं, "मागच्या वर्षी मी गेले तेव्हा तो बरा झाला होता ना? मग या वर्षी त्याला सोडून कोण गेलं?"

आजही मला त्या बाईंचा राग येतो, आणि त्यातला अर्धा राग त्या खरं बोलल्या म्हणून आहे. त्या निवांत वेताच्या खुर्चीत बसून खरं बोलल्या, आणि ते खरं माझ्या तोंडावर मारून मोकळ्या झाल्या.

तेवढ्यात आबा पुढे आले. त्यांनी पितळी पिंजरा उचलला, पायऱ्या उतरले आणि तो मोटारीच्या पायरीवर नीट ठेवला. मग हात पुसून म्हणाले, "बाईसायेब, ह्यो तुमी घिऊन जावा. आमच्याकडं आता त्याच्यापाशी बसाया मानूस न्हाई."

मान वर करून बोललेले आबा मी पहिल्यांदा बघितले. त्याचं फळ काय मिळालं ते सांगायला नको. संक्रांतीपर्यंत आम्ही बंगला सोडला, आबा आणि आई गावी त्या एवढ्याशा खाचरावर गेले. उघडा पोपट चाचांनी घोड्याच्या तबेल्यात नेला. तिथे दिवसभर माणसं, घोडी, कबुतरं यांची वर्दळ. तो जगला. पंख आणि थोडे खांदे भरले, छाती मात्र कायमची उघडी राहिली, कारण फार वेळा उपटलं की मूळच मरतं. मी सुट्टीत जायची तेव्हा तो माझ्या हातावर यायचा नाही. चाचांच्या पाठीआड सरकायचा.

बंगला सोडायच्या दिवशी मी पुण्याहून आले होते; सामान बैलगाडीत भरताना मी आबांना पुन्हा विचारलं, मला कळवलं का नाही. आता माझा आवाज चढलेला नव्हता. ते दोरी आवळत होते.

"कळवलं असतं तर तू आली असतीस," ते म्हणाले. "आणि आली असतीस तर परत गेली नसतीस. दोगातल्या येकाचंच व्हनार व्हतं. मी तुजं धरलं."

त्यांनी पाच महिने रोज सकाळी त्याच्यापुढे पानं गुंडाळून ठेवली, तो अंग सोलताना बघितला, आणि शाळेत जाऊन बाईंना सांगितलं, लिहा, राघू मजेत. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटायला हवं होतं, पण मला राग आला. मला विचारलं नाही याचा आला. आणि दहा महिने कुलूप लागलेल्या त्या एवढ्या मोठ्या बंगल्याच्या मागच्या पडवीत एक पोरगी आणि एक पाखरू अशी दोघं मावली नाहीत, याचा आला. तो राग घेऊनच मी आगगाडीत बसले, पुण्याला गेले आणि ट्रेनिंग पुरं केलं.